उत्तराची एक शिट्टी

सोमवार, ३

आले एकदाची. दोन ट्रंका, एक गादी, एक स्टोव्ह, गळ्यात माझी अकरा वर्षांची जुनी शिट्टी आणि ही नवी कोरी वही. धाकट्या भावाने मित्राचा टेम्पो मागून आणला आणि सगळं सामान एकट्याने वर चढवलं. तोंडाची टकळी अर्थात चालूच होती, की तायडे, शाळाच उचलून आणलीस की काय. शाळा बंद पडली तेव्हा खेळाच्या तासाची बाई आता काय करणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. ही जाहिरात भावानेच शोधून काढली आणि अर्जही माझ्याकडून त्यानेच भरून घेतला.

खोली धबधब्याच्या वाटेवरच्या चौकीच्या वर आहे. बारा लाकडी पायऱ्या, एक खाट, एक टेबल, आणि भिंतीत एक कपाट, त्याचं दार ओलीने फुगल्यामुळे लागत नाही. खिडकी उघडली की समोर डोंगर आणि वर धबधबा. दिसायला तो बराच लांब आहे, पण आवाज मात्र आपल्या आधी खोलीत राहायला आल्यासारखा. काड्यापेटी दमट होते, उशीखाली ठेवा, असं खालच्या काकांनी सांगितलं. त्यांना सगळे दोरवाले काका म्हणतात. वाटेवरचे दोर आणि साखळ्या सांभाळायचं काम सव्वीस वर्षं त्यांच्याकडे आहे. मी शाळेत होते हे कळल्यापासून ते मला बाई म्हणायला लागले. शाळा गेली तरी बाई शिल्लक राहिली, याचं बरं वाटलं.

काम सरळ आहे. चौकीच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळी, फळीवर चाळीस खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे चाळीस बिल्ले. वर जाणाऱ्याने बिल्ला घ्यायचा, उतरल्यावर परत अडकवायचा. सकाळी सातला फाटक उघडायचं, दुपारी दोननंतर कुणाला वर सोडायचं नाही, पाचला सगळे बिल्ले जागेवर. माझ्या पदाचं नाव सुरक्षा पर्यवेक्षक. धाकट्याने ते तीनदा म्हणून दाखवलं, दर वेळी पोट पुढे काढून.

निघताना म्हणाला, तेवीस तारखेच्या रविवारी येतो आणि तुझ्या देखत शेवटच्या डोहापर्यंत चढून दाखवतो. मी म्हटलं, चढायचं ते माझ्या नियमांनी. तो हसला. हसला की त्याचा पुढचा अर्धा तुटलेला दात दिसतो. नऊ वर्षांचा असताना, मी नको नको म्हणत असताना कुंपणाच्या भिंतीवर चढला होता. आई गेल्यापासून मी त्याला एवढंच सांगत आले, नको, थांब, जपून. त्याने एकदा तरी ऐकल्याचं मला आठवत नाही. तरी टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी पायरीवरच उभी होते.

मंगळवार, ४

काकांबरोबर पूर्ण वाट पाहून आले. पायांचे तुकडे पडले आहेत, पण खूश आहे. पहिला डोह वीस मिनिटांवर, लहान मुलांनाही जमेल असा. दुसऱ्या डोहापर्यंत दगडांवर शेवाळ, तिथे हातात काठी हवी आणि पाऊल आडवं टाकायला हवं. तिसऱ्या डोहाआधी उभा कातळ आहे, त्याला साखळी ठोकली आहे. कातळ चढून गेलं की मोठा धबधबा एकदम अंगावर येतो. खाली डोह, काठाला दोन माणसं बसतील एवढा सपाट दगड, आणि पाण्याच्या पडद्याआड काळी पोकळी. पाच मिनिटांत कपडे चिंब होतात.

एक गोष्ट मात्र खटकली. साखळीपासून पुढे काकांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मी मागे पडले म्हणून हाक मारायला गेले, तर त्यांनी झटकन वळून माझ्या तोंडापुढे हात धरला. तिथून सगळं दोराच्या खुणांनी. एकदा ओढला की पुढे या, दोनदा ओढला की मागे फिरा. खाली आल्यावर कारण विचारलं तर म्हणाले, तिथे आवाज करायचा नसतो. का, तर नसतो. असल्या उत्तरांचा मला तिटकारा आहे. अकरा वर्षांत मी एकाही मुलाला असं उत्तर दिलं नाही.

गुरुवार, ६

लोकांना झालंय तरी काय? एक गृहस्थ स्लिपर घालून आले. म्हणे पाय मोकळे राहतात. एक नवं जोडपं, त्याच्या पायात चकचकीत बूट, तिच्या अंगावर जमिनीवर लोळणारा झगा, सोबत फोटोग्राफर. एका मावशींकडे तीन किलोचा कॅमेरा होता, पण पाण्याची बाटली नव्हती. पाणी का नाही घेतलं विचारलं तर म्हणाल्या, वर आहे की भरपूर. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण कळस केला आठ जणांच्या टोळीने. चार वाजता हसत खिदळत उतरले, बिल्ले अडकवले सात. आठवा कुठाय विचारलं तर एकमेकांची तोंडं पाहायला लागले. आठवा आहे हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं! तळपायाची आग मस्तकात गेली. काका आणि मी धावत वर गेलो. आठवे साहेब दुसऱ्या डोहापाशी झाडाला टेकून गाढ झोपलेले. पाय घसरला असता तर उद्यापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. उद्यापासून काहीतरी करायलाच हवं. नुसतं जपून जा, जपून जा म्हणून या लोकांच्या कानावरची माशी उडत नाही.

शनिवार, ८

कोठारात दोर मोजत होते, तर मागच्या फळीवर एक खोकं सापडलं. आत साठ शिट्ट्या, दोऱ्यांसकट, नव्या. कार्यालयाने कधीतरी पाठवलेल्या. एक वाजवून पाहिली, आवाज नाही. दुसरी, नाही. उजेडात धरली तर आत मेण भरलेलं. साठच्या साठ शिट्ट्या कुणीतरी एकेक करून मेणाने बुजवल्या होत्या.

मी चौकीत बसून केसातल्या पिनेने मेण कोरायला लागले. तासाभराने काका दारात आले आणि पाहत राहिले. म्हणाले, बाई, राहू द्या ते. मी विचारलं, हे कुणी केलं? ते म्हणाले, मी. इतक्या शांतपणे, जणू भांडी घासली असं सांगावं. मी खूप बोलले. म्हटलं, सरकारी वस्तूंची नासधूस करता, उद्या एखादा माणूस ओरडून ओरडून मेला तर जबाबदार कोण? त्यांनी मान खाली घातली आणि परत तेच सांगितलं, तिसऱ्या डोहापाशी आवाज करायचा नसतो. म्हातारपणी माणसं हट्टी होतात हे खरं, पण याला काही मर्यादा?

कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. पायऱ्यांपैकी सातव्या पायरीवरच रेंज येते, तिथे उभी राहून. साहेबांना कल्पना एकदम पसंत पडली. म्हणाले, लेखी पाठवा, फोटोसकट.

सोमवार, १०

सहा पाट्या स्वतः रंगवल्या, स्वतः वर नेल्या, स्वतः ठोकल्या. काकांनी हातोडी धरायलाही नकार दिला. पाटीवर लिहिलंय:

वाट चुकल्यास जागचे हलू नका. तीन शिट्ट्या वाजवा. उत्तराची एक शिट्टी येईल. उत्तर आले की तिथेच बसून राहा. मदत येत आहे.

सहावी पाटी तिसऱ्या डोहाच्या सपाट दगडाशेजारी. खिळा वाकडा गेला, पण घट्ट बसला आहे. आता बिल्ल्याबरोबर प्रत्येकाला शिट्टी. पाटीचा फोटो आणि एक शिट्टी धाकट्यालाही पाठवून दिली. पार्सलमध्ये चिठ्ठी घातली की ही घेतल्याशिवाय फाटकात पाय ठेवायचा नाही.

बुधवार, १२

आज सार्थक झालं. दुसऱ्या डोहाच्या वर एका बाईंचा गुडघा मुरगळला. त्यांनी नियमाप्रमाणे तीन शिट्ट्या दिल्या. मी चौकीपाशी होते, ऐकल्याबरोबर उत्तर दिलं आणि पळत सुटले. शाळेत मैदानावर द्यायचे तशीच माझी शिट्टी आहे, शेवटी जराशी वर उचलून तोडायची. मुलं अर्ध्या मैलावरून ओळखायची. बाई पाटीखाली शहाण्यासारख्या बसून होत्या. त्यांना उतरवताना मी काकांकडे मुद्दाम पाहिलं.

बाई एकच विचित्र बोलल्या. म्हणाल्या, किती तत्पर हो तुम्ही, माझी तिसरी शिट्टी पुरी व्हायच्या आत उत्तर आलं. मी तर तिन्ही ऐकून मग वाजवली होती. कातळामुळे आवाज फिरत असेल.

संध्याकाळी धाकट्याचा फोन. शिट्टी पोहोचली. फोनवरच तीनदा वाजवून दाखवली. तुटक्या दातातून हवा निसटते, त्यामुळे त्याची तिसरी शिट्टी शेवटी फुस्स करून मरते. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

शनिवार, १५

कुणीतरी चावटपणा करतंय आणि मी त्याला सोडणार नाही. आज तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं की वर गंमत म्हणून तीन शिट्ट्या दिल्या आणि लगेच उत्तर आलं. मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. मला एकही शिट्टी ऐकू आली नाही, कारण दिवसभर खाली स्लिपरवाल्यांशी हुज्जत घालत होते. गंमत म्हणून मदतीची शिट्टी वाजवणाऱ्यांना तर मी आधी बडवलं पाहिजे. पण उत्तर देणारा कोण? काका दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर कोठारात दोराला गाठी मारत बसले होते. म्हणजे ते नाहीत. बिल्लेही सगळे जागेवर आले, चाळीसच्या चाळीस.

रविवार, १६

फाटक उघडायच्या आधी, सकाळी सहाला, एकटी वर गेले. लख्ख उजेड होता. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या डोहापाशी उभी राहून तीन शिट्ट्या वाजवल्या.

उत्तर आलं. एक शिट्टी. पाण्याच्या पडद्याआडून.

प्रतिध्वनी असता तर तीन परत यायला हव्या होत्या. घड्याळात पाच मिनिटं मोजली, मग परत तीन वाजवल्या. परत एक. शेवटी जराशी वर उचलून तोडलेली. माझी. अकरा वर्षं मी जशी वाजवते तशी.

खाली कशी आले ते नीट आठवत नाही. कोपर सोललंय.

सोमवार, १७

काकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता म्हणतील, सांगितलं होतं ना. तसं काही म्हणाले नाहीत. स्टोव्हवर चहा ठेवला, मला खाली बसवलं आणि सव्वीस वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले.

पूर्वी वाटेवर हाका मारायची रीत होती. मागचा माणूस हाक मारायचा, पुढचा ओ द्यायचा. मग कधीतरी डोहाकडून ओ यायला लागला. माणूस ओळखीच्या आवाजाच्या भरवशावर थांबायचा, बसायचा, आणि मग त्याचं काही सापडायचं नाही. असे चार जण गेले. त्यातला एक काकांचा जोडीदार. तेव्हा जुन्या माणसांनी हाका बंद केल्या आणि दोराच्या खुणा सुरू केल्या. सात-आठ वर्षांनी कुणीतरी चुकून हाक मारली, तर ओ आला नाही. विसरलं, म्हणाले काका. मग कार्यालयाने शिट्ट्या पाठवल्या आणि काकांनी त्यात मेण भरलं.

"ते आपणहून कधी हाक मारत नाही, बाई," ते म्हणाले. "फक्त उत्तर देतं. कसं द्यायचं ते आपणच शिकवतो."

मी विचारलं, मला हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मी खरं तेच सांगितलं. हसले असते.

साहेबांना फोन केला. म्हटलं, वरचा टप्पा बंद करा, शिट्ट्या परत घ्या. कारण काय, म्हणाले. मी काय सांगणार? आवाज फिरतो, लोक फसतात, असं काहीतरी पुटपुटले. साहेब वैतागले. म्हणाले, तुमच्याच पत्रावर हा नियम झालाय, तुमच्याच पाट्यांचा फोटो वरपर्यंत गेलाय, आठवड्यात मत बदलायला हा काय शाळेचा खेळ आहे? फोन ठेवला. सातव्या पायरीवर बसून मी रडले, रागाने जास्त. लोक माझं ऐकत नाहीत म्हणून या वहीत पानं भरत बसले. मी कुणाचं ऐकलं?

बुधवार, १९

सत्तावीस नंबरचा बिल्ला परत आला नाही.

चष्मेवाले गृहस्थ होते, एकटेच. सकाळी त्यांना पाहून मला आनंद झाला होता. बूट चांगले, काठी, पाणी, जादा मोजे. फाटकावरची पाटी त्यांनी पूर्ण वाचली आणि दोन शहाणे प्रश्न विचारले. मी त्यांना म्हटलं, वरच्या डोहाकडे जाऊ नका. ते म्हणाले, पाटीवर तसं लिहिलेलं नाही. शिट्टी मागून घेतली. मी दिली. मी दिली!

खाली आलेल्या चौघांनी सांगितलं की वरून तीन शिट्ट्या ऐकल्या. मग उत्तर आलं. उत्तर आलं म्हणून ते निश्चिंत होऊन उतरले. नियमच तसा आहे.

त्यांची पिशवी सहाव्या पाटीखाली आहे. नीट बंद करून ठेवलेली. वर घडी घातलेला पंचा.

गुरुवार, २०

शोधपथक आलं. दोर सोडून डोह ढवळला. पडद्याआडची पोकळी पाहिली, तीन हात खोल, मागे सलग कातळ. काही नाही. पथकातल्या लोकांच्या गळ्यात शिट्ट्या होत्या. काकांनी हात जोडून त्या काढून घेतल्या. ते हसले, पण दिल्या.

स्लिपरवाले, झगेवाली, झोपलेला आठवा, सगळे घरी पोहोचले. ज्यांनी ऐकलं नाही ते सगळे.

शुक्रवार, २१

पाट्या काढायला गेले. पाच निघाल्या. सहावी निघत नाही. तो वाकडा खिळा. पहार लावली, पहार निसटली, थोडक्यात डोहात जात होते. काकांनी दोर दोनदा ओढला. परत या. आले. अक्षरांवर चिखल फासला, पण तुषारांनी तो डोळ्यांदेखत धुऊन निघाला.

एकोणसाठ शिट्ट्यांपैकी अठ्ठावन्न गोळा झाल्या. एकोणसाठावी सत्तावीस नंबरबरोबर गेली. साठावी धाकट्याकडे आहे.

शनिवार, २२

साहेबांचा हुकूम, उद्यापासून वाट परत सुरू करा. करणार नाही. फाटकाला कुलूप घालून किल्ली गळ्यात बांधली आहे. नोकरी गेली तर जाऊ दे.

धाकट्याला फोन. सहा वेळा लागला नाही, मग लागला. म्हटलं, उद्या येऊ नकोस. तो म्हणाला, हे तू आयुष्यभर म्हणत आलीस. म्हटलं, अरे, या वेळी खरं आहे. तो म्हणाला, दर वेळी खरंच असतं. त्याला काय सांगू, कसं सांगू? म्हटलं, वर काहीतरी आहे. तो हसायला लागला.

"तायडे, एकदा तरी तुझं ऐकून दाखवतो," म्हणाला. "पाटी पाठ केलीय मी. जागचं हलायचं नाही, तीन शिट्ट्या, उत्तर आलं की—"

लाइन तुटली. मग लागलीच नाही. उद्या पहाटे गाडीरस्त्याच्या वळणावर जाऊन उभी राहणार. तिथूनच त्याला परत पाठवीन, हात धरून, पाया पडून, कसंही.

रविवार, २३

सकाळी ८:३५

वळणावर सहापासून उभी होते. काका बरोबर. तो आला नाही. वाटलं, ऐकलं एकदाचं. परत आलो तर फाटकाला कुलूप तसंच, आणि फळीवर बारा नंबरचा खिळा रिकामा. खिळ्याला चिठ्ठी.

तायडे, आडवाटेने आलो. कुलूप होतं म्हणून फाटकावरून चढलो, तेवढं माफ. बाकी सगळं नियमाने. बिल्ला घेतला, शिट्टी घेतली. तुझ्यासाठी थर्मासमध्ये चहा. वर ये.

निघालो आहोत.

९:२०

दुसरा डोह. काका दोर बांधतायत. आत्ता ऐकल्या. तीन. तिसरी फुस्स करून मेली. तो आहे. जिवंत आहे, पाय मुरगळला असेल, काहीतरी—

मी हात वर नेलासुद्धा नव्हता. उत्तर आलं. एक. शेवटी वर उचललेली.

त्याला वाटलं असेल मीच. अर्थात त्याला वाटणार मीच.

हलू नको म्हटलंय त्याला. मी म्हटलंय. ऊठ रे. ऊठ, पळ, भिंतीवर चढ, दात तोडून घे, काहीही कर, ऐकू नकोस माझं—

ओरडले. काकांनी तोंड दाबलं.

१०:१०

तिसरा डोह. सहावी पाटी. तिच्याखाली त्याची पिशवी. बारा नंबरचा बिल्ला पाटीच्या वाकड्या खिळ्याला अडकवलेला. थर्मास. दोन कप. एक पिऊन झालेला. दुसरा भरलेला, अजून कोमट आहे. हात लावून पाहिला.

दगडावर एकाच जागी ओल कमी आहे. बसलेल्या माणसाएवढी. आजूबाजूला पावलं नाहीत. हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं त्याने.

काका साखळीच्या टोकाशी, दहा पावलांवर. दोराचं एक टोक माझ्या कमरेला, एक त्यांच्या हातात. खुणेने सांगतायत, फिरा. हात शिट्टीकडे जाऊ नये म्हणून लिहितेय. लिहिलं की—

तीन शिट्ट्या. पडद्याआडून. तिसरी फुस्स.

काका म्हणाले होते, ते कधी आपणहून हाक मारत नाही. फक्त उत्तर देतं. ही हाक आहे. तीन आहेत. म्हणजे तो आहे. पोकळीत अडकला असेल. तीन हात खोल, पण असेल. असेल ना.

दोर दोनदा ओढला.

परत तीन.

काकांचं तोंड पांढरं पडलंय. मान हलवतायत, नाही, नाही. दोर दोनदा. दोनदा. दोनदा.

तो असला आणि मी उत्तर दिलं नाही तर? लहानपणी अंधारात हाक मारायचा, मी ओ दिल्याशिवाय रडायचा थांबायचा नाही.

शिट्टी गळ्यात आहे. एकच वाजवायची.

वाजवली.

शांत. नुसतं पाणी.

परत तीन. त्याचीच, फुस्स. पण पडद्याआडून नाही. अलीकडून. डोहाच्या काठावरून.

उत्तर आलं की जागचं हलायचं नाही. मीच लिहिलंय. त्याने पाठ केलंय. तो हलला नव्हता, चहा ओतून इथेच बसला होता, हलला नव्हता तो—

मग हे हलतंय ते क